प्रतीक्षा यादी क्रमांक एक

१ एप्रिल २००९, बुधवार

रुजू झाले. खरं तर हा शब्दसुद्धा माझा नाही! हजेरीपट उघडला तर हेडक्लार्क म्हणाला, "त्याच्यावर सही करू नको गो. तुझी वही वेगळी." शंभर पानी वही, मागच्या पुठ्ठ्यावर पाढे छापलेले. त्यात पहिलं नाव माझं. सगुणा म्हात्रे, बांध सहाय्यक (कंत्राटी). अकरा महिने. ठोक मानधन सहा हजार.

नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढे माझा राग थंड झाला तर हे पान वाचता येईल. याच पदाची परीक्षा मी दिली होती. यादीत पहिला कोलाडचा पोपट, प्रतीक्षा यादीत पहिली मी. पोपट आलाच नाही, डोलवीच्या कंपनीत गेला. मग मला बोलवायला हवं होतं की नाही? वर्षभर पोस्टमनची वाट बघितली. ३१ डिसेंबरला यादीची मुदत संपली. फेब्रुवारीत मी स्वतः इथे रोह्याला, खाडीबांधांच्या या ऑफिसात येऊन विचारलं, तर हाच माणूस टेबलावरचं पेन सरळ करत म्हणाला, "यादी संपली गो. आता कंत्राटीवर ये. बघू, काहीतरी करू."

म्हणजे खुर्ची तीच, काम तेच. फक्त पगार जेमतेम निम्मा आणि वही पाढ्यांची.

हेडक्लार्कचं नाव दत्तात्रेय ठोंबरे. सगळे भाऊसाहेब म्हणतात. पांढरा सफारी, लांब मान, तासन् तास हलत नाही. मी इथे बगळाच लिहिणार. या बगळ्याने माझं पत्र कुठे दाबलं ते मी शोधून काढणार आहे. आणि मग त्याला सोडणार नाही.

६ एप्रिल

ऑफिसात मंजूर पदं चौदा. भरलेली पाच. उपअभियंता साहेब, ते पण अतिरिक्त कार्यभारावर, आठवड्यातून दोनदा येतात. बगळा. शिपाई गुणाजी. रात्रीचा चौकीदार. आणि एक ड्रायव्हर — जीप चार वर्षांपूर्वी लिलावात गेली, ड्रायव्हर राहिला! आवक, टायपिंग, नकाशे, माहिती अधिकार, सगळं माझ्या टेबलावर आलं. आस्थापना आणि हिशोब बगळ्याकडे. जावक नोंदवहीही तो स्वतःच्या खणात ठेवतो, कुलूप लावून. चोराच्या मनात चांदणं!

२ मे

सहावा वेतन आयोग लागला. ऑफिसात पेढे. गुणाजी चष्मा नाकावर घेऊन ग्रेड पे पाठ करतोय. ड्रायव्हरने मला माझ्याच पदाची नवी श्रेणी काढून दाखवली — पाच हजार दोनशे ते वीस हजार दोनशे, ग्रेड पे चोवीसशे. "तू पर्मनंट असतीस तर," म्हणाला आणि पेढा पुढे केला. घेतला. गोड लागला नाही.

बगळ्याने पेढा खाल्ला नाही. साखर आहे म्हणे. फरकाचा कागदही पाहिला नाही. ढोंगी!

१० मे, पेण

दोन दिवस घरी. आईने मिठागरावरच्या सगळ्या बायकांना सांगून ठेवलंय — सगुणा सरकारी सायबीण झाली. तिला कंत्राटी म्हणजे काय ते मी सांगितलेलं नाही. भाकरी थापता थापता म्हणाली, "सहाव्यात तुजा किती वाढला गो? शेजारचा मास्तर लय खुशीत हाय." मी म्हटलं, वाढेल, कागद वर गेलेत.

तिच्या पायांना मिठाने पडलेल्या भेगांत मी तेल चोळत होते. शिकून झालं की तुला मिठागर बंद, असं डिप्लोमाला जाताना बोलले होते. त्याला सहा वर्षं झाली. हे सुद्धा बगळ्याच्या नावावर मांडते.

१४ मे

सापडलं!!

जुनं दप्तर लावायचं काम मीच मागून घेतलं. गुणाजीने २००८ च्या दोन्ही नोंदवह्या काढून दिल्या, आवक आणि जावक. झुरळं झटकली. आवक — १९ ऑगस्ट २००८. 'श्री. पोपट यांचे रुजू होण्यास असमर्थ असल्याबाबत पत्र.' शेरा: आस्थापना. पुढे बगळ्याची आद्याक्षरं. मग जावक १९ ऑगस्टपासून ३१ डिसेंबरपर्यंत ओळ न् ओळ वाचली. माझ्या नावाचं एकही पत्र नाही. साडेचार महिने ते पत्र त्याच्याकडे होतं! वर कळवायला एक पान लागतं. एक पान!

गुणाजीला म्हटलं, असं का केलं असेल हो?

"मला इचारू नको बाय. मी कागद वाहतो, वाचत नाय."

१५ मे

आता कळलं. बगळ्याचा भाचा नाथा डबा घेऊन आला होता. डिप्लोमा सिव्हिल! म्हणजे हे पद भाच्यासाठी राखून ठेवलंय.

२१ जून, रविवार

माहिती अधिकाराचा अर्ज केला. माझ्या नावाने केला तर दुसऱ्या दिवशी वही बंद. म्हणून आईच्या नावाने. काशीबाई म्हात्रे, पेण. पेणमध्ये दगड भिरकावला तर म्हात्र्यालाच लागतो, कुणाला संशय येणार? दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला. आईला म्हटलं, रेशनकार्डाचा कागद आहे. प्रौढ शिक्षणात शिकलेली सही तिने जीभ दाताखाली धरून, सावकाश, एकेक अक्षर करून केली. मला वाटलं, सांगावं. नाही सांगितलं.

२ जुलै

आज हसू आवरेना. पाणी प्यायला बाहेर जाऊन हसले.

आईचा अर्ज आला. बगळ्याने वाचला. दोनदा वाचला. मग उठून माझ्या टेबलापाशी आला आणि माझ्यासमोर ठेवला. "माहिती अधिकार तुझ्याकडं ना? उत्तर तयार कर. मागितलंय ते सगळं दे, काय ठेवू नको." मी विचारणारी, मीच सांगणारी! चौदातली नऊ पदं रिक्त ठेवा आणखी.

आणि तो असा कसा वागला? घाबरला असणार. न दिलं तर दंड बसतो हे त्याला माहीत आहे.

२० जुलै

साहेबांनी सही केली. न वाचता. त्यांची बस होती. प्रमाणित प्रती अकरा. एवढं मन लावून मी या ऑफिसात दुसरं काही टाईप केलेलं नाही.

२४ जुलै

आजचं उधाण गेल्या कित्येक वर्षांतलं मोठं. पहाटेच निघाले. पेणच्या बाजूचा बांध, साडेतीन किलोमीटर, आणि पाहणीला मी एकटी. उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराची, झडप उचलणारा माणूसही नाही. ते पद बारा वर्षं रिक्त! खाडीचं पाणी बांधाच्या माथ्याला हातभर खाली येऊन थांबलं. पलीकडे कालच लावलेली भातं. एकदा खारं पाणी आत आलं की तीन वर्षं त्या जमिनीत काही येत नाही.

गावची पंधरा माणसं फावडी घेऊन उभी होती. त्यातला एक म्हातारा, कान्हू, मला म्हणाला, "सरकार कुठं हाय?" मी म्हटलं, मीच. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग धर पाटी," म्हणाला. दोन तास मातीच्या पाट्या वाहिल्या. बांध राहिला.

संध्याकाळी ऑफिसात तशीच चिखलाची आले. बगळा थांबला होता. माझा पाहणी अहवाल त्याने वाचला आणि 'कंत्राटी' हा शब्द खोडून टाकला. "अहवालात लागत नाय," म्हणाला. लागत नाही! काम करताना लागत नाही, पगाराला लागतो.

१३ सप्टेंबर

कोलाडला गेले. पोपटला हायवेवरच्या हॉटेलात गाठलं, मोटारसायकल नवी. म्हणाला, "मी ऑगस्टातच लिहून दिलं गो. चार हजार बेसिकच्या स्केलात कोण येतो? कंपनीत शिफ्ट हाय, पण ओव्हरटाईम हाय. परत तुमच्याकडं पगार सात तारखेला व्हईल का पंधराला, नेम नाय." मिसळीचे पैसे त्यानेच दिले. लेखी पण दिलं, ऑगस्टात कळवलं म्हणून.

मला जे स्वप्नात दिसायचं ते याला नको होतं. त्याच्यावर राग धरावा असं वाटलं, पण त्याने काय वाईट केलं? त्याने वेळेवर कळवलं. राग एकाच जागी ठेवायचा. फुटला की वाया जातो.

तिथेच भाचा नाथा भेटला! पोपटचा दोस्त. तो पण डोलवीतच, तीन वर्षं झाली, पर्मनंट. "सरकारी? नको रे बाबा," म्हणाला. असू दे. आता नको म्हणतोय. तेव्हा हवं असेल.

१ ऑक्टोबर

तक्रार पाठवली. वर, मंडळ कार्यालयाला, रजिस्टर ए.डी.ने. आईच्याच नावाने, 'एक नागरिक' असं लिहून. प्रती जोडल्या. शेवटी एक ओळ घातली ती मला फार आवडली — 'संबंधित कर्मचारी दि. २८ फेब्रुवारी २०१० रोजी सेवानिवृत्त होत असल्याने तत्पूर्वी कारवाई व्हावी.' निवृत्तीआधी दोषारोपपत्र हातात पडलं की ग्रॅच्युइटी अडकते, पेन्शन तात्पुरती. हे मला कुणी शिकवलं? बगळ्यानेच! मागच्या महिन्यात एका जुन्या मुकादमाचं प्रकरण समजावताना, पाऊण तास, फळ्यावर खडूने लिहून. गुरुदक्षिणा देतेय.

१६ ऑक्टोबर

दिवाळी. त्यांना अग्रिम, मला वही.

७ डिसेंबर

कारणे दाखवा नोटीस आली! लिफाफा मीच फोडला, आवक क्रमांक मीच टाकला, टेबलावर मीच नेऊन ठेवला. त्याने वाचली. मान खाली. चष्मा काढून पुसला, परत वाचली. मला वाटलं होतं, ओरडेल, गुणाजीवर डाफरेल, कुणाचं तरी नाव घेईल. काहीच नाही. "सगुणा, बांध दुरुस्तीची आठ नंबरची फाईल काढ," एवढंच.

फाईल काढून दिली. त्यात पोपटचं पत्र होतं. बांधाच्या अंदाजपत्रकाच्या मागे, टाचणीला लागलेलं.

वरची तारीख मी दोनदा वाचली. मग म्हटलं, वा! आधीच तिथे नेऊन लावून ठेवलं असणार.

२१ डिसेंबर

त्याचा खुलासा. हाताने लिहिलेला, एक पान. चोरून वाचला. 'त्या काळात पाच टेबलांचा कार्यभार एकट्याकडे होता. पत्र नजरचुकीने दुसऱ्या नस्तीस लागले. फेब्रुवारीत उमेदवार समक्ष आल्यावर लक्षात आले. चूक माझी आहे.' बस. कुणावर ढकललं नाही, कारणं लांबवली नाहीत.

पाच टेबलं! माझ्याकडेही चार आहेत. माझ्या हातून कुणाचं आयुष्य नाही लागलं दुसऱ्या नस्तीस.

गुणाजी आज माझ्याशी बोलला नाही. चहा आणला तो टेबलाच्या कडेला ठेवून गेला.

१४ जानेवारी २०१०

संक्रांत. तिळगूळ दिला सगळ्यांना. त्यालाही. "गोड बोला" म्हणताना माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. त्याने अर्धा खाल्ला, अर्धा कागदात बांधून घरी नेला, बायकोला.

१८ फेब्रुवारी

दोषारोपपत्र. दहा दिवस राहिले होते!

विशेष दूत आला, सही घेऊन गेला. बगळ्याने सही करून खाली तारीख घातली. छत्तीस वर्षांची नोकरी. गुणाजी दाराशी उभा राहून रडत होता. ड्रायव्हर म्हणाला, "आता मुलीचं लगीन कसं व्हायचं यांच्या?" मुलगी आहे हे मला माहीत नव्हतं. पण मी पण कुणाची तरी मुलगी आहे!

आनंद झाला. खोटं कशाला लिहू? भाड्याच्या खोलीवर आल्यावर दार लावून घेतलं आणि एकटीच टाळ्या वाजवल्या. मग जेवले. भात जास्त लावला होता, संपवला.

२६ फेब्रुवारी, शुक्रवार

निरोप समारंभ. २८ ला रविवार, म्हणून आजच. दोषारोपपत्राच्या माणसाचा कसला समारंभ म्हणून साहेब आलेच नाहीत. आम्ही चौघं आणि त्याची बायको, विमलबाई. शाल, श्रीफळ. अक्षर चांगलं म्हणून मानपत्र मला लिहायला लावलं होतं, वाचलंही मीच. 'आपल्या प्रदीर्घ व निष्कलंक सेवेत' — 'निष्कलंक' शब्द मी मुद्दाम घातला, आणि वाचताना त्याच्याकडे बघितलं. तो बघतच होता. ओशाळला नाही. रागावलाही नाही.

बाकीचे समोसे खात होते तेव्हा जवळ आला. खणाच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या. "माझं टेबल आता तुझ्याकडंच येईल. दुसरं हाय कोण? येईल ती टपाल पहिली नोंदवायची, मग चहा प्यायचा. मी तेवढं एकदा चुकलो."

मी मान हलवली.

"आई कशी हाय? काशीबाई ना?"

मी किल्ल्या मुठीत धरल्या.

"तुझ्या फॉर्मवर आईचं नाव हाय गो. सही बरी करतात. एकेक अक्षर." आणि बायकोला घेऊन निघून गेला.

म्हणजे जुलैपासून माहीत होतं! माहीत असून अर्ज माझ्यासमोर ठेवला, सगळं दे म्हणाला. आठ महिन्यांत एकदा तोंडातून शब्द नाही. का? भीती. दुसरं काय असणार? माणूस घाबरला की असाच गप्प होतो.

मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं.

१ मार्च

आज मी कुणीच नाही. अकरा महिने भरले की एक दिवस खंड द्यायचा, म्हणजे सलग नोकरी धरत नाहीत. उद्यापासून नवा आदेश, नवी अकरा. खंड नेमका धुळवडीला आला, तेवढा एक दिवस तरी सुटीचा वाटला. आईकडे आले. तिला अखेर सांगितलं, कंत्राटी आहे म्हणून. ती तांदूळ पाखडत राहिली. मग म्हणाली, "पण तुजं काम तर खरं हाय ना?"

५ मार्च

हेडक्लार्कचं टेबल माझ्याकडे 'तात्पुरत्या स्वरूपात' दिलं. मानधन तेच. मंजूर पदं चौदा, भरलेली चार.

९ मार्च, मंगळवार

मंत्रालयातून जाड लिफाफा. चहाच्या आधी फोडला. विषय: श्रीमती सगुणा म्हात्रे, प्रतीक्षा यादी क्र. १, यांना खास बाब म्हणून नियमित नियुक्ती देणेबाबत. 'आपल्या कार्यालयाचा दि. १६ फेब्रुवारी २००९ चा प्रस्ताव मान्यतेच्या अंतिम टप्प्यात होता. तथापि सदर यादीबाबत प्राप्त तक्रारीवरून चौकशी सुरू झाल्याने तो विचारात घेता येत नाही. मूळ कागदपत्रांसह परत.'

खाली स्मरणपत्रं जोडलेली. सात. टाईप केलेली नाहीत, सगळी भाऊसाहेबांच्या हातची. शेवटच्यावर तारीख २२ फेब्रुवारी २०१० — दोषारोपपत्र हातात पडल्यावर चार दिवसांनी.